सुगरण म्हणायचं ते नक्की कुणाला?

तिसरा_मजला

पुढच्या महिन्यात आईला 75 वर्षं पूर्ण होतायत. दादरला छोटा हॉल घेतलाय, घरचीच माणसं असतील. भावाने मानपत्राचा मजकूर लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत 'आमची सुगरण आई' असं लिहिलं. रविवारी सगळे जमलो होतो तेव्हा त्याने ते वाचून दाखवलं. मावशी लगेच म्हणाली, "अरे, तिच्या हातच्या पोळ्या आम्ही खाल्ल्यात. दुसरं काहीही लिही, सुगरण नको." सगळे हसले. आईसुद्धा हसली आणि म्हणाली, "खरंय रे, खोड ते." भावाने खोडलं.

मला ते लागलं. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय.

आईच्या पोळ्या वातड होतात, मोदक उकडताना फुटतात, हे खरं आहे. पण 1982च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होतो. आईबाबा, आजी, आम्ही तीन भावंडं आणि शिकायला गावाहून आलेला काका. बाबांचा पगार बंद झाला तो कायमचाच, कारण त्यांची गिरणी पुन्हा त्यांना घेऊन सुरू झालीच नाही. त्या दिवसांत आईने साड्यांना फॉल लावायला घेतले, साडीमागे दोन रुपये. वाण्याच्या वहीशेजारी तिची स्वतःची एक चौकटीची वही असायची, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. रात्री आम्ही आडवे झालो की ती वही उघडायची. रेशनच्या रॉकेलच्या डब्यावर तिने खिळ्याने चार खुणा ओढल्या होत्या, आठवड्याला एक. खूण ओलांडायची नाही म्हणजे नाही. आठवड्याचा शेवट आला की भात चुलीवरून अर्धवट उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायची आणि तो तिथे आपला आपण शिजायचा. त्या सगळ्या काळात आमच्यातलं कुणी उपाशी शाळेत गेलं नाही, फी थकली नाही, आजीचं औषध चुकलं नाही.

हे जिने केलं ती सुगरण नाही का? या शब्दाचा मूळ अर्थ काय आहे, तो आला कुठून, जाणकारांनी सांगावं.

सुरमई

सुग्रास अन्न रांधते ती सुगरण, असं आम्हाला शाळेत बाईंनी सांगितलं होतं. शब्द तिथूनच आला असणार. पण ताई, डब्यावरच्या खुणांचं वाचून मला माझी आजी आठवली.

जुना_मास्तर

सुरमईताई, सुग्रास वेगळा आणि सुगरण वेगळी. सुग्रास म्हणजे सु अधिक ग्रास. ग्रास म्हणजेच आपला घास. सुगरणीचा या घासाशी जन्माचा संबंध नाही, नंतर जडलेला आहे. दोन्ही शब्द एकाच ताटात येतात आणि कानाला सारखे लागतात म्हणून बरेच जण गल्लत करतात.

मी परळच्या एका शाळेत 31 वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगायचा मोह होतोय.

सुगरण आली 'सुगृहिणी'पासून. संस्कृतात गृहिणी, प्राकृतात तिची झाली घरिणी. गृहचा घर झाला ना, तसंच. गृहमधला ह पुढे सरकून गला चिकटला आणि घ तयार झाला. सु लागून सुघरिणी. मग मराठीने आपल्या सवयीप्रमाणे शब्दाच्या पोटातला घ हलका करून त्याचा ग केला. ही सवय आपल्या भाषेची फार जुनी आहे. हिंदीत भूख म्हणतात, आपण भूक म्हणतो. तिकडे सीखना, इकडे शिकणं. घचा ग होण्याचं अगदी सरळ उदाहरण म्हणजे महाग. मूळ महार्घ, प्राकृतात महग्घ, आपल्याकडे महाग. त्याच वाटेने सुघरिणीची सुगरण झाली. शेवटचा ण गृहिणीचाच आहे, तो तेवढा तिने सोडला नाही.

आता अर्थ बघा. या शब्दात घर आहे. चूल नाही, पोळी नाही, मीठमसाला काही नाही. 'गृहिणी गृहमुच्यते' असं संस्कृत वचन आहे, भिंतींना घर म्हणत नाहीत, गृहिणी हेच घर. जी हे घर चांगलं चालवते ती सुगरण. स्वयंपाक हा घर चालवण्याचा एक भाग, म्हणून तोही त्यात आला. पुढे बाकीचं सगळं गळून गेलं आणि तो एकटा उरला. कोंड्याचा मांडा करणं असा वाक्प्रचार आपण वापरतो. त्यातलं कौतुक मांड्याच्या चवीचं नसतं. हाताशी फक्त कोंडा असताना मांडा उभा केला, याचं असतं.

तुमच्या मावशींना दोष देत नाही, आज सगळे याच अर्थाने बोलतात. पण तुमच्या भावाने लिहिलेला शब्द चुकीचा नव्हता. खोडायला नको होता.

मुलुंडकर

मास्तर, तुमच्या घचा पुरावा माझ्या शेजारी राहतो. आमच्या मजल्यावरच्या गुजराती काकी सुगरण पक्ष्याला सुघरी म्हणतात. घरटं करणारी सुगरण, तीच. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी रिकामं घरटं मिळालं होतं, ते पाहून काकी म्हणाल्या, 'सुघरीनो माळो!' तेव्हा मला वाटलं की त्या सुगरण नीट उच्चारत नाहीयेत. आता कळलं की त्यांच्या भाषेने घर जसंच्या तसं ठेवलंय.

हिंदीतला सुघड यातलाच का?

जुना_मास्तर

नाही, तो घडण्यातला. सुघट, म्हणजे चांगला घडलेला. दिसायला भाऊबंद वाटतात पण कूळ वेगळं आहे. काकींना माझा नमस्कार सांगा. असा पुरावा शेजारी मिळणं हे मुंबईतच होतं.

खाडीकाठ

पक्ष्याचा विषय निघालाच आहे तर मी बोलतो. जून ते सप्टेंबर माझे बहुतेक रविवार भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या बाजूला जातात, सुगरणी बघायला. आणि पहिली गोष्ट ही की ते घरटं मादी विणत नाही. नर विणतो.

पाऊस सुरू झाला की नराचा माथा आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. गवताच्या किंवा माडाच्या पात्याची कड चोचीत धरून तो खालून वर उडतो आणि बारीक लांब पट्टी सोलून काढतो. ती फांदीला गाठ मारून अडकवायची, मग तिचं कडं करायचं, मग एका बाजूने पोट वाढवत न्यायचं. घरटं उपडं ठेवलेल्या शिरस्त्राणासारखं दिसायला लागलं की तो काम थांबवतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, चोचीने ओढून ताणून बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर उडून जाते. पसंत पडल्यावरच तो उरलेलं काम करतो, खाली लोंबणारी ती लांब नळी शेवटी येते. नापसंत झालेली अर्धी घरटी तशीच बाभळीवर लटकत राहतात. मी एका झाडावर अशी नऊ मोजली आहेत.

हे मी स्वतः बघितलं असलं तरी शोध माझा नाही. सलीम अलींनी 1930च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहून या पक्ष्याचं बारकाईने निरीक्षण केलं आणि ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. एका मादीचं घर मांडून झालं की नर दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो, हे त्यातूनच पुढे आलं. आपल्या फोर्टातली संस्था, 1883 सालची, आणि समोरच्या किनाऱ्यावरचं गाव. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जाताना मला दर वेळी हे आठवतं.

तेव्हा पक्ष्यांमध्ये सुगरणपण नराकडे आहे.

सुरमई

खाडीकाठ, हे वाचून मला जरा वाईटच वाटलं. बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता मी मुलांना झोपवताना म्हणत आले. त्यात ती आहे, आई आहे, पिलांसाठी जीव टांगणारी. मग ते सगळं चूक म्हणायचं?

खाडीकाठ

अजिबात नाही, ताई. माझं पोस्ट तसं वाटलं असेल तर माफ करा. घर तयार झाल्यावर नर पुढच्या घरट्याला लागतो. अंडी एकटी मादी उबवते, दोन ते चार असतात. पिलांना भरवायची धावपळही बहुतेक तिचीच. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या बाईला खोप्यात सारखं आतबाहेर कोण दिसणार? तीच. वादळवाऱ्यात हेलकावणाऱ्या त्या नळीतून पिलांसाठी चोचीत किडा घेऊन शिरणारी मादी बघितली की छातीत कालवतं. शेतात बहिणाबाईंनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं. विणणारा कोण, एवढंच मी सांगितलं.

जुना_मास्तर

आणखी एक भर. या पक्ष्याला बाईचं नाव देणं बहिणाबाईंच्याही फार आधीचं आहे. पंचतंत्रात पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला घर बांधायचा उपदेश करणारी आणि त्यापायी स्वतःचं घरटं गमावणारी चिमणी आहे ना, तिथे तिला 'सुगृही' म्हटलंय. चांगलं घर असलेली. माकडाने घरटं मोडल्यावर तीच 'निर्गृही' होते. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी.

म्हणजे बाईची सुगृहिणी आणि पाखराची सुगृही अशा दोन अगदी जवळच्या शब्दांचा मराठीत एकच उच्चार होऊन बसला. दोघींच्या पोटात घर आहेच. तिसरा_मजला, तुमच्या प्रश्नाला पाखरानेही उत्तर दिलं. सुगरण पक्ष्याचं कौतुक आपण त्याच्या दाण्यापाण्यासाठी कधी करत नाही, घरट्यासाठी करतो.

पाटावरवंटा

सगळं वाचलं. तिसरा_मजला, तुमच्या आईंना माझा मनापासून नमस्कार. तरीही मला थोडं वेगळं म्हणायचंय.

'नुसता स्वयंपाक', 'स्वयंपाक एकटा उरला' अशा शब्दांनी मला टोचलं. माझी आजी चिपळूणची, लग्न होऊन गिरगावात आली आणि शेवटपर्यंत त्याच चाळीत राहिली. आमटीला उकळी आली की दुसऱ्या खोलीत बसून नुसत्या वासावर सांगायची, मीठ कमी पडलंय. चाखायची नाही, कारण नैवेद्य व्हायचा असायचा. पुरणाला कढईत कड आली की उलथणं त्यात उभं करून बघायची, पडलं तर अजून दोन मिनिटं. उभं राहिलं की लगेच खाली. तिच्याकडे शाळा नव्हती, पदवी नव्हती, तिच्या नावावर काही नव्हतं. तिच्याकडे 'सुगरण' हा एक शब्द होता. चाळीत कुणाचंही डोहाळजेवण असलं की तिला हाक यायची आणि ती पदर खोचून निघायची तेव्हा तिची मान ताठ असायची.

मूळ अर्थ काहीही असो, शे-दीडशे वर्षं बायकांनी हा शब्द चुलीपाशी कमावलाय. तो आता त्यांच्याकडून काढून कारभाराला देऊ नका. दोघींनाही द्या.

जुना_मास्तर

पाटावरवंटा, तुमचं म्हणणं मान्य आणि माझा शब्द मागे घेतो. 'एकटा उरला' हे मी घाईने लिहिलं.

तुमच्या बाजूने एक जुनी साक्षही देतो. हाल राजाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, एक घरिणी आहे. स्वयंपाकघरात काम करता करता काजळीचा हात तिच्या तोंडाला लागतो. नवरा हसतो, कारण आता तिचं तोंड डागासकट चंद्रासारखं दिसायला लागलंय. घरिणी हा शब्द आपल्याला इतक्या जुन्या काळात भेटतो तो चुलीच्या काजळीसकट. तेव्हा चूल घरातून वेगळी काढता यायची नाही. वर्गात ही गाथा सांगितली की मागच्या बाकावरच्या मुली खाली बघायच्या आणि मुलगे शांत व्हायचे, एवढं मला आठवतं.

भाकरतुकडा

पुरुषांना काय म्हणायचं हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझी बायको नर्स आहे, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी. गेली 14 वर्षं घरातला स्वयंपाक, डबे, किराणा, मुलाच्या वह्या, आईची पथ्यं मी बघतो. सोसायटीत मला बल्लवाचार्य म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण तो शब्द माझ्या कामाला बसत नाही. बल्लव हे भीमाचं विराटाच्या घरचं नाव, तो राजाच्या मुदपाकखान्यात नोकरीला होता. शब्दात चाकरी आहे, घर नाही. नळराजाचा नळपाक, त्यातही नुसतं कौशल्य आहे. बाईच्या शब्दात घर आलं आणि पुरुषाच्या शब्दात हुद्दा आला.

सकाळी बायको ड्यूटीवरून येते तेव्हा मी तिच्यासाठी मऊ भात आणि मेतकूट ठेवतो. ती हातपाय धुऊन ताटावर बसते आणि पहिला घास घेऊन दोन मिनिटं काही बोलत नाही. त्या दोन मिनिटांसाठी जो शब्द आहे तो मला हवाय. मला कुणी सुगरण म्हटलं तर मी आनंदाने घेईन. पाखरात नर चालतो तर माणसात का नको?

खाडीकाठ

भाकरतुकडा, पुढच्या पावसाळ्यात एक रविवार या माझ्याबरोबर. दुर्बीण मी आणतो.

अबोली

माझा या शब्दाशी संबंध कडू आहे. 1990च्या दशकात लग्नासाठी नाव नोंदवायला एका विवाह मंडळात गेले होते. अर्जात मुलींसाठी एक रकाना होता, स्वयंपाक, आणि पुढे तीन पर्याय, सुगरण, साधारण, येत नाही. मी बँकेत अधिकारी होते, घरचे सगळे व्यवहार वडील गेल्यापासून मीच बघत होते. भावाचं शिक्षण, घराची डागडुजी, आईचं ऑपरेशन. खरं ते लिहायचं म्हणून 'साधारण'वर खूण केली. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज परत सरकवला आणि हळूच म्हणाल्या, "सुगरण करा, नाहीतर स्थळं येणार नाहीत." मी खूण बदलली. त्या खोट्या खुणेची मला आजही लाज वाटते.

मास्तरांची पहिली पोस्ट दोनदा वाचली. मूळ अर्थाने ती खूण खोटी नव्हती, हे आज कळतंय. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रात्रपाळी

तिसरा_मजला लालबागच्या आहेत आणि इथे अजून खानावळवाल्यांचं नाव निघालं नाही, म्हणून लिहितो.

माझी आत्या डिलाईल रोडला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटी, टेबल-खुर्च्या तसलं काही नव्हतं. राहत्या खोलीतच, तीन पाळ्यांचे मिळून 20-22 गिरणी कामगार जेवायचे. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष, बायकामुलं गावी. पहिली पाळी सकाळी सातला लागायची म्हणजे आत्या पहाटे तीनला उठलेली. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी तिच्या अंगावर, आणि सावकाराचं व्याज वेगळं. कुणाचा पगार झाला, कुणाचा खाडा झाला, कोण गावी मनिऑर्डर करून मोकळा झाला, सगळं तिच्या तोंडपाठ. लिहिता येत नव्हतं, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा. प्रत्येकाची रेघ वेगळ्या जागी.

1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या ऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. बँकेत पहिल्यांदा अंगठा उठवून आली त्या दिवशी आत्याने सगळ्यांना शिरा केला होता, असं वडील सांगायचे.

तिचं जेवण चवीला झणझणीत आणि साधं. वरण, भात, सुकटीची चटणी. पण त्या 20 माणसांना ती घर होती. मास्तरांनी सांगितलेला अर्थ तिला पुरेपूर लागू पडतो, आणि पाटावरवंटा यांचाही. दाराच्या त्या रेघा पुढे रंगकामात गेल्या. फोटो काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल संध्याकाळी आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. चष्मा लावूनही तिला मोबाईलवरचं नीट दिसत नाही, म्हणून मीच वाचत होते. ती गवार मोडत बसली होती. पक्ष्याच्या जागी थांबवून म्हणाली, "नर विणतो होय?" आणि बाबांच्या फोटोकडे बघितलं. संपानंतर बाबांनी आठ वर्षं एका इमारतीत वॉचमनची नोकरी केली. फॉलच्या साड्यांचे गठ्ठे दुकानातून डोक्यावर आणायचे आणि पोचवायचे ते. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

अबोलीचं वाचताना गप्प झाली. रात्रपाळींच्या आत्याच्या रेघा ऐकून म्हणाली, "डिलाईल रोडच्या ना? असतील, मी बघितल्यात अशा रेघा."

भावाला फोन करून सांगितलं, शब्द परत घाल. मावशीलाही मास्तरांचं पोस्ट पाठवलं. तिने बराच वेळाने उत्तर दिलं की मानपत्र तीच वाचेल.

आई म्हणाली की शब्द ठेवायचा तर ठेवा, पण एक चूक दुरुस्त करा. साडीमागे दोन रुपये नव्हते. फॉलचा दीड रुपया, आणि पिको असेल तर वर आठ आणे, ते सुद्धा मशीनवाल्याला जायचे.